रॅपिडच्या नदीत कॅनो न्यायची तर आधी थांबायच्या जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरातले चार मित्र, चौघांनाही पोहता येतं, दोन सेकंडहँड कॅनो (वल्ह्यानं चालवायच्या लांबट, टोकदार होड्या) घेतल्यात, हिप्परग्याच्या तलावात वल्हवून बघितल्यात, हात बसायला लागलाय. आता दिवाळीनंतर दोन दिवस रॅपिड, म्हणजे दगडांमधून वेगानं उसळत उतरणारं पाणी, असलेल्या नदीत जायचंय, रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका नदी डोक्यात आहे, तर प्लॅनिंग कसं करायचं आणि काय काय न्यायचं.

उत्साह बघून खरंच बरं वाटलं, आपल्याकडं नदी म्हटलं की लोक पुलावरून बघतात नाहीतर घाटावर आंघोळ करतात, नदीतून जायचं कुणाच्या मनातच येत नाही. ट्रिप होऊ शकते. पण चौघांनीच दोन ओपन, म्हणजे वरून उघड्या, कॅनो घेऊन थेट वरच्या रॅपिडमध्ये उतरायचं, हे या दिवाळीला नको. या दिवाळीला काय करता येईल ते खाली सांगतो.

आधी एक मुख्य गोष्ट. सगळे जण प्लॅन म्हणजे कुठून निघायचं, कुठं पोचायचं, किती किलोमीटर, किती तास एवढंच धरतात. रस्त्यावर ते चालतं कारण गाडीला ब्रेक आहे. वाहत्या पाण्यात होडी आपोआप पुढं जातच असते, तुम्ही वल्हं मारा नाहीतर नुसते बसून राहा. म्हणून नदीचा प्लॅन करताना आधी ठरवायचं की थांबायचं कुठं, प्रत्येक मोठ्या रॅपिडच्या वर कुठल्या काठाला लागायचं, तिथं लागता आलं नाही तर त्याच्या खालची दुसरी जागा कुठली, आणि कुठला रॅपिड काही झालं तरी होडी खांद्यावर घेऊन चालत पार करायचा. हे कागदावर आलं की निम्मं काम झालं, बाकी सामानसुमान नंतर.

आता साहजिक मनात येईल की कोलाड कशाला, आपली भीमा आहेच की घराजवळ, सपाट नदी, रॅपिड नाहीत, तिथंच सराव करू, पंढरपूरपासून खाली औजपर्यंत जाऊ. हे कळकळीनं सांगतो, असं करू नका. भीमेवर रॅपिड नसले तरी ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, आणि होडीवाल्यासाठी बंधारा हा रॅपिडपेक्षा वाईट. बर्गे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घातलेले असताना पाणी भिंतीवरून सारखं, गुळगुळीत खाली पडतं, वरच्या बाजूनं बघितलं तर काहीच वाटत नाही, नुसती एक सरळ रेघ दिसते आणि खालून दबका आवाज येतो. पण पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर येतं आणि पृष्ठभागावरून परत भिंतीकडं वळतं. त्यात माणूस सापडला की पाणी त्याला भिंतीपाशी ओढतं, खाली दाबतं, वर आणतं, परत ओढतं. नैसर्गिक रॅपिडमध्ये असा भोवरा कुठंतरी तुटलेला असतो, बाजूनं निसटायला वाट असते, बंधाऱ्याची भिंत मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असते, निसटायला जागाच नाही. जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणारासुद्धा त्यातून सुटेल याची खात्री नाही. आणि बर्गे काढलेले असतील तेव्हा वेगळाच धोका: सगळं पाणी गाळ्यांमधून जोरात जातं, होडी आडवी झाली की दोन खांबांना अडकून मध्ये वाकते आणि माणूस होडी आणि खांब यांच्यामध्ये सापडतो. म्हणून बंधारा दिसायच्या कितीतरी आधी काठाला लागायचं आणि होडी उचलून खाली न्यायची, बर्गे असोत नसोत.

भीमेत आणि सीनेत अजून दोन गोष्टी, ज्या परदेशी व्हिडिओत कुणी दाखवत नाही. एक वाळू उपशाचे खड्डे, गुडघाभर पाण्यात होडी ओढत चालताय आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खोल. दुसरी काठाची वेडी बाभूळ. पूर येऊन गेला की ती पाण्यात आडवी पडते, फांद्यांमधून पाणी जातं पण माणूस आणि होडी जात नाही, वर काटे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला हमखास असते कारण प्रवाहाचा जोर तिकडंच असतो, तेव्हा वळण आतल्या बाजूनं घ्यायची सवय लावा. मच्छीमारांची जाळीपण असतात, सकाळी लवकर तर असतातच. नदीत उतरायच्या आधी तिथल्या होडीवाल्यांना, मासे धरणाऱ्यांना विचारा, पाण्याखाली काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

तर कुंडलिका. ती समजून घ्यायची तर पाणी कुठून येतं ते बघा, आणि सोलापूरच्या माणसाला हे माहीत असायलाच पाहिजे. मुळशी धरण मुळा नदीवर आहे. हे पाणी अडवलं नसतं तर मुळा, मग मुळा-मुठा, मग भीमा असं करत उजनीत आलं असतं. त्याऐवजी ते सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपांमधून खाली भिऱ्याच्या वीज केंद्रात जातं, वीज तयार होते, आणि पुढं रवाळज्याहून ते कुंडलिकेत येतं. ज्या धरणासाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, तेच हे धरण. म्हणजे कोलाडला ज्या पाण्यावर तुम्ही होडी घालणार ते एका अर्थानं आपल्याच खोऱ्याचं, पश्चिमेला वळवलेलं.

याचा ट्रिपवर थेट परिणाम असा की कुंडलिकेचं राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून (राफ्टमधून) रॅपिड उतरणं, पावसावर कमी आणि सोडलेल्या पाण्यावर जास्त चालतं. सकाळी पाणी सुटतं, नदी भरते, काही तासांनी उतरते, आणि ज्या दिवशी पाणी सुटत नाही त्या दिवशी नुसते दगड दिसतात. अशा नदीवर पाण्याबरोबर चालावं लागतं. पाणी यायच्या आधीच पुढं गेलात तर होडी दगडांवर घासत जाणार आणि मागून अचानक पाणी वाढणार, फार मागं राहिलात, चहा-फोटोत वेळ घालवला, तर पाणी पुढं निघून जातं आणि जे रॅपिड सकाळी झाकलेले होते त्यांचे दगड वर येतात. सोडलेल्या पाण्याच्या मध्यात राहायचं. म्हणून पाणी सुटायची वेळ आदल्या दिवशी तिथल्या राफ्टिंगवाल्यांकडून घ्यायची, आणि काठावर एक दगड हेरून पाण्याची रेघ लक्षात ठेवायची, दर थांब्याला बघायचं की चढतंय का उतरतंय.

विसर्गाचा आकडा वाचता आला पाहिजे. आपल्याकडं उजनीमुळं लहान पोरालापण टीएमसी (अब्ज घनफूट पाणी) कळतो, तर हिशोब असा: ११,५७४ क्युसेकनं एक दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पण होडीसाठी नुसता आकडा पुरत नाही, तेच पाणी भीमेच्या रुंद पात्रात शांत वाहतं आणि कोकणातल्या अरुंद, उतरत्या पात्रात उसळतं. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, हे कायम डोक्यात ठेवा, कारण गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला माणूस त्यामुळंच पडतो. दुसरं, एकाच धरणाचा आकडा बघून निघू नका. पंढरपुरात पूर का येतो आठवा, उजनीचं पाणी असतंच, पण वीर धरणातून सोडलेलं पाणी नीरेतून येऊन नरसिंगपूरला भीमेत मिळतं, दोन्ही एकदम आलं की घाट बुडतो. कुठल्याही नदीत आपल्या वर कोण कोण येऊन मिळतं ते नकाशावर बघायचंच. सोलापुरात ऊन असतं आणि मावळात पाऊस कोसळत असतो, आभाळ आपल्या डोक्यावरचं बघून चालत नाही.

रॅपिडची ग्रेड एक ते सहा असते. एक म्हणजे वाहतं पाणी आणि बारीक लाटा, तीन म्हणजे उंच लाटा, मधे दगड, आणि नेमकी वाट पकडावी लागते, पाच अनुभवी लोकांसाठी आणि सहा जवळपास अशक्य. कुंडलिकेचा राफ्टिंगचा पट्टा साधारण बारा किलोमीटरचा, ग्रेड दोन ते तीन. राफ्टवाले हे आकडे राफ्टच्या हिशोबानं सांगतात. राफ्ट रुंद असते, हवेनं भरलेली असते, लाटेत पाणी आलं तर तळाच्या भोकांतून निघून जातं. ओपन कॅनोत पाणी आलं की राहतं. सोळा फुटी कॅनो भरली की अर्ध्या टनाच्या आसपास पाणी तुमच्याबरोबर वाहतंय असं समजा, आणि तिच्या व दगडाच्या मध्ये कुणी आलं तर काय होईल याचा विचार करा. म्हणून होडी उलटली की माणसानं कायम होडीच्या वरच्या बाजूला राहायचं, म्हणजे होडी पुढं आणि आपण मागं, उलट कधीच नाही. आणि कॅनोच्या दोन्ही टोकांना, जमलं तर मधेपण, हवेच्या पिशव्या भरून घट्ट बांधायच्या, जेवढी जागा हवेनं भरली तेवढं पाणी कमी शिरतं.

आता सॅटेलाइट नकाशा काढा आणि निघायच्या जागेपासून बोट फिरवत जा. पांढरं दिसतं तिथं रॅपिड. उंची बघा: समजा बारा किलोमीटरमध्ये नदी साठ मीटर उतरते, म्हणजे किलोमीटरला पाच मीटर, ऐकायला बरं वाटतं. पण त्यातले वीस मीटर एकाच किलोमीटरमध्ये असतील तर बाकी सगळं सोपं आणि तो एक किलोमीटर भयंकर, सरासरीवर जाऊ नका. प्रत्येक पांढऱ्या पट्ट्याच्या वर काठाला लागायची जागा खूण करा, डावा काठ का उजवा तेपण, पूल कुठं, रस्ता नदीजवळ कुठं येतो, मोबाइलला रेंज कुठं मिळते. मग शक्य असेल तिथं गाडीनं जाऊन काठावरून बघा. होडीतून नदी एकदम वेगळी दिसते, पुढं उतार असेल तर पाणीच दिसेनासं होतं आणि पलीकडच्या झाडांचे नुसते शेंडे दिसतात. असं दिसलं की विचार करत बसायचं नाही, काठाला लागायचं, उतरून चालत जाऊन बघायचं.

थांबायची खरी जागा म्हणजे एडी. ही एक गोष्ट नीट शिकलात तरी निम्मी नदी हातात आली, म्हणून जरा सावकाश सांगतो. प्रवाहात एक मोठा खडक आहे. पाणी त्याच्यावर आदळतं, वरच्या बाजूला फुगतं, दोन्ही बाजूंनी फुटून पुढं जातं, आणि खडकाच्या मागं जी पोकळी राहते ती भरायला खालचं पाणी उलटं, वरच्या दिशेनं येतं. तिथं फेस सावकाश गोल फिरताना दिसतो, पालापाचोळा जमलेला असतो. खाली जाणारं पाणी आणि उलटं येणारं पाणी यांच्यामध्ये स्पष्ट रेघ असते, बारीक भोवऱ्यांची. होडी त्या रेघेवर रेंगाळली की उलटते. त्यामुळं खडकाच्या अगदी जवळून, तिरकं, वेगात रेघ कापायची, पुढचं टोक आत गेलं की पुढच्या माणसानं वल्हं आतल्या शांत पाण्यात रोवायचं, होडी स्वतःभोवती गर्रकन वळते आणि तोंड वरच्या दिशेला करून थांबते. वळताना सायकलवर झुकतो तसं वळणाच्या आतल्या बाजूला झुकायचं. आत येताना वरच्या दिशेला, बाहेर प्रवाहात निघताना खालच्या दिशेला. नवीन माणूस घाबरून उलट बाजूला झुकतो, पाणी ती कड पकडतं आणि सेकंदात होडी उलटी. दगडावर आडवे आदळणार असं दिसलं तरी दगडाकडंच झुकायचं, त्याला मिठी मारायची, लांब झुकलात तर वरची कड पाण्यात जाते आणि होडी दगडाला गुंडाळली जाते.

वाट ओळखायची खूण सोपी आहे. आपल्याकडून रुंद सुरू होऊन पुढं निमुळती होत जाणारी गुळगुळीत, काळपट जीभ दिसली की ती मोकळी वाट. टोक आपल्याकडं आणि पुढं फाकत जाणारा आकार दिसला की त्या टोकाला पाण्याखाली दगड आहे.

पोहण्याबद्दल स्पष्ट बोलतो. आपल्याकडं बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकतात, वरून उडी मारतात, दम चांगला असतो, भीती नसते. हे भांडवल मोठंच आहे. पण विहिरीचं पाणी कुठं जात नाही. प्रवाहात पडलात तर पहिली धडपड उभं राहायची असते, आणि तीच जीवघेणी. तळाला काळ्या पाषाणाच्या भेगा असतात, रांजणखळगे असतात, पाय अडकला की मागचं पाणी माणसाला पुढं पाडतं आणि डोकं पाण्याखाली दाबून ठेवतं, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. म्हणून पाठीवर, पाय वर उचललेले आणि प्रवाह जातो त्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, आणि हातानं तिरकं वल्हवत काठाकडं. पाणी गुडघ्याच्या खाली आल्याशिवाय उभं राहायचं नाही. एकच अपवाद, समोर पडलेलं झाड आलं आणि चुकवता येत नाही तर पालथं होऊन, डोकं पुढं करून जोरात पोहत जायचं आणि फांदीवर छातीनं चढायचं, खाली जायचं नाही. हे सगळं घरी वाचून येत नाही, सोप्या प्रवाहात, खाली दोरी घेतलेला जाणता माणूस उभा करून, मुद्दाम पडून शिकायचं.

सामानात जॅकेट आणि हेल्मेट यात काटकसर नको. जॅकेट घालून पट्टे आवळा, दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत सरकलं तर ते जॅकेट तुमचं नाही. चप्पल-सँडल नको, बंद बूट. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी बांधलेली. प्रत्येक होडीत एक जादा वल्हं, पाणी काढायला कापलेला कॅन, आणि फेकायच्या दोरीची पिशवी, पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी. ती काठावरून फेकायची, हाताला गुंडाळायची नाही, कमरेला बांधायची तर अजिबातच नाही, आणि दोरी असली की सुरी पाहिजेच. होडीत सुट्या दोऱ्या लोंबू देऊ नका, आणि स्वतःला होडीला बांधून घ्यायचा विचारही मनात आणू नका. गाडीची किल्ली होडीला बांधलेल्या ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

दोन होड्यांची ट्रिप मला पटत नाही, निदान तीन पाहिजेत, एक अडकली तर दोन मदतीला. सगळ्यात जाणता पुढं, दुसरा जाणता सगळ्यात मागं, नवखे मध्ये, आणि मागची होडी दिसेनाशी झाली की पुढच्यानं एडीत थांबायचं. वल्हं उभं धरलं म्हणजे या, आडवं धरलं म्हणजे थांबा, शिट्टी तीनदा म्हणजे संकट. पाण्याच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. काठावरच्या एका माणसाला, जो ट्रिपमध्ये नाही, लिहून द्या: कोण, किती वाजता निघाले, किती वाजता कुठं पोचणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर ११२ ला फोन करायचा.

वारा विसरू नका, सरावाच्या वेळी तर नाहीच. मे २०२४ मध्ये उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरायला लागलं की हिप्परग्याच्या मध्यावर थांबायचं नाही, काठ धरायचा. सराव पहाटे करा, ऊन पण वाचतं. तलावावर होडी घालायच्या आधी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या.

तर या दिवाळीसाठी माझा सल्ला. तोपर्यंत हिप्परग्याला गुडघ्यावर बसून वल्हवा, दोघांनी बाजू न बदलता सरळ रेघेत जाता आलं पाहिजे, जागेवर गोल फिरवता आली पाहिजे, होडी आडवी सरकवता आली पाहिजे, आणि काठाजवळ मुद्दाम उलटवून दुसऱ्या होडीवर आडवी ओढून रिकामी करता आली पाहिजे. मग कोलाडला पहिल्या दिवशी राफ्टमध्ये बसा, गाइडच्या शेजारी, आणि प्रत्येक रॅपिडला त्यानं होडी कुठून घातली, कुठं थांबवली ते बघा, उतरल्यावर लगेच कागदावर काढा. दुसऱ्या दिवशी मोठे रॅपिड संपल्यावर खालचा सोपा पट्टा आपल्या कॅनोतून करा, बरोबर तिथला एक सेफ्टी कयाकवाला, म्हणजे छोट्या बंद होडीतून मदतीला बरोबर येणारा माणूस, पैसे देऊन घ्या. खाली बंधारा आहे, तेव्हा बाहेर पडायची जागा त्याच्या बऱ्याच वर ठरवून काठावर लांबून दिसेल असं रंगीत कापड बांधून ठेवा. एवढं नीट जमलं तर वरचा पट्टा पुढच्या वर्षी.

प्रवासाचं म्हणाल तर पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर, पुढं मुळशीवरून ताम्हिणी घाट. कॅनो टपावर उलटी ठेवून दोन पट्टे मध्ये आणि पुढं-मागं दोऱ्या, मागच्या टोकाला लाल कापड, घाटात वारा असतो, मुळशीला थांबून एकदा सगळं आवळा. दोन गाड्या पाहिजेत, एक खाली उतरायच्या जागी आधीच लावून ठेवायला. खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, खरंच, याच्याइतकं टिकाऊ आणि ताकद देणारं दुसरं काही नाही, फक्त डबा पाणी न शिरणारा पाहिजे. ओआरएस आणि पाणी भरपूर, पाण्यात असलं की तहान कळत नाही.

राफ्टिंगवाल्याला फोन कराल तेव्हा भाड्याच्या आधी हे विचारा: उद्या पाणी सुटणार का आणि किती वाजता, किती वेळ टिकतं, सेफ्टी कयाक बरोबर असते का, गाइडला प्रथमोपचार आणि नदीतल्या बचावाचं ट्रेनिंग आहे का, जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे, आणि खालच्या पट्ट्यात स्वतःची कॅनो घालायची तर ते माणूस देतील का. उत्तरं नीट, सविस्तर मिळाली तर बुक करा, उडवाउडवी केली तर दुसऱ्याला लावा.